आगू, दोरा, पिल्ली

अंड्यातून आवाज आला तेव्हा वामनच्या अर्ध्या गालाला साबण होता. आवाज म्हणजे काय, जुन्या खुर्चीचा पाय कुरकुरावा तसा. आधी त्याला वाटलं आपला वस्तराच बोलतो आहे. मग त्यानं पडवीतल्या टोपल्याकडं पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, आता हेही. रविवारची सकाळ, आदिलाबादची थंडी, बायको मुधोळला माहेरी, आणि जगातल्या सगळ्या मूर्ख गोष्टींनी ठरवून याच घराचा पत्ता घेतलेला. टोपल्यात भुशावर अंडी होती. कोंबडी नव्हती. कोंबडीनं रवण मोडलं होतं, म्हणजे अंड्यांवरून उठली होती ती उठलीच होती आणि अंगणात उकिरडा उकरत होती, जशी काही तिची या अंड्यांशी कधी ओळखच नव्हती. मानेवर पिसं नसलेली म्हातारी कोंबडी. मनकर्णेच्या आईची. आई गेली तेव्हा मनकर्णेनं माहेरातून भांडं मागितलं नाही, लुगडं मागितलं नाही, ही कोंबडी मागितली, आणि एस्टीत मांडीवर घेऊन आली. वामन दोन बाकं सोडून बसला होता. आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं. परवा माहेरी निघताना (म्हातारा बाप बैलाच्या दाव्यात अडकून पडला, कंबर गेली) मनकर्णा उंबऱ्यातून परत फिरली ती नवऱ्यासाठी नाही. म्हणाली, "अवो, टोपलं चुलीपासून हलवू नका. यातून एक तरी निंघालं पायजे. थे आता म्हातारी झाली, पुन्हा नाई बसत. आईच्या हातचं एवढंच हाये."

त्यानं टोपलं हलवलं. कारण वास. कारण उवा. कारण तो तहसील कचेरीतला अहलकार होता, नुसता कारकून नव्हे, अहलकार, आणि अहलकारानं कोंबडीच्या शेजारी बसून भाकर खायची नसते. टोपलं पडवीत आलं, कोंबडीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि उठली. एवढंच. अंडी गार झाली. यात चूक कोंबडीची. चुलीपासून पडवी किती लांब? ज्या जनावराला एवढी बदली सोसत नाही त्यानं पिलं कशाला काढावीत? (बदली हा शब्द डोक्यात आला आणि त्याला स्वतःचा राग आला. त्यानं तो शब्द पुसला. गालावरचा साबण मात्र तसाच राहिला.)

कारण त्या महिन्यात हलवलेल्या टोपल्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. हैदराबादच्या संस्थानाची तीन शकलं झाली होती. वामन नांदेडकडचा. म्हणजे मुधोळचा, पण मुधोळ नांदेड जिल्ह्यात होतं म्हणून नांदेडकडचा. नोव्हेंबर उजाडला आणि मुधोळ आदिलाबादेत आलं, किनवट आदिलाबादेतून निघून तिकडं गेलं. किनवटात वामनचा मामा होता. मामा जागचा हलला नाही, त्याची म्हैस हलली नाही, आणि तरी मामा आता दुसऱ्या राज्यातला. तिकडच्या लोकांनी पेढे वाटले, इकडच्या लोकांनीही पेढे वाटले. वामननं दोन्हीकडचे खाल्ले आणि दोन्हीकडच्यांना मनात शिव्या दिल्या. पेढे एकाच हलवायाकडचे होते. आणि भाषा. शाळेत उर्दूचे मौलवी त्याचं अक्षर साऱ्या वर्गाला दाखवायचे, देखो, मरहट्टे का लड़का और नस्तालीक़ देखो. त्या अक्षरावर त्याला नोकरी लागली. मग पोलीस ॲक्शन झाली आणि ते अक्षर एका आठवड्यात जुन्या मुसलमानी विहिरीसारखं झालं, पाणी चांगलं पण कोणी भरत नाही. मग तो इंग्रजी शेरे शिकला. आता तेलुगू म्हणे. राहणाऱ्यांना परीक्षा द्यावी लागणार. वामननं ठरवूनच टाकलं होतं की आपण तिकडं जायचं, मराठी मुलखात. मनकर्णेला ते सांगितलं तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. "बाप इथं, वावर इथं," म्हणाली, "तुमाले कोनं हाकललं?" आणि पाखडत राहिली. कचेरीत पेशकारसाहेबांना उत्तर द्यायचं होतं. राहता की जाता. एका शब्दात.

एका शब्दात.

ते अंडं त्यानं हातात घेतलं. बुडाच्या बाजूला टिचलेलं, टाचणीएवढं भोक, आणि भोकात काहीतरी पिवळसर हलतंय. वस्तरा ठेवला नाही, त्याच्याच टोकानं कवच उचलायला लागला. एक टवका निघाला. खाली पातळ पापुद्रा, त्यात लाल रेघ. रक्त. दुसरा टवका. कवचाच्या आत ते किती घट्ट बसलेलं, पडदा वाळून अंगाला चिकटलेला, ओल्या कपड्यात गुंडाळून विसरलेल्या पोरासारखं. त्याला किळस आली. तिसरा—

"आगू! आगू दोरा, आगू!"

मागच्या बुटक्या भिंतीवरून पोशव्वा ओरडत होती. शेजारीण. कापूस वेचायला जाणारी, नवरा जिनिंगात, तोंडात सदा चुट्टा. मनकर्णा या बाईशी भिंतीवर हनुवटी ठेवून तासन् तास बोलायची, तेलुगूत, हसायची, आणि वामन आत धोतर झटकत ते ऐकायचा नाही. ऐकायचं नाही हे त्यानं या गावात आल्या दिवसापासून पाळलं होतं. आता मात्र ऐकू आलं. आगू. आग! त्यानं वर पाहिलं. बाई हात हलवते आहे, पुन्हा पुन्हा, आगू, आगू. आग पाहिजे, शेक पाहिजे! त्याला हसूच आलं. अंडं त्यानं कापसाच्या रुईत ठेवलं, टवके काढायचे टाकले, आणि चुलीतले निखारे घमेल्यात घेऊन आला. पोशव्वा गप्प झाली. मान हलवली, बरोबर, अशी. वामनला एकदम सगळी तेलुगू उलगडल्यासारखं वाटलं. तर ही एवढीच गोष्ट. आपलेच शब्द उचलायचे, शेपटाला ऊकार लावायचा, तोंडात सुपारी धरून बोलायचं, आणि त्यासाठी म्हणे स्वतंत्र राज्य.

दुपारपर्यंत तो घमेल्यापाशी बसून राहिला. दुसरं काम नव्हतं असं नाही. अंड्यातलं ते धक्के देत होतं, थांबत होतं, बराच वेळ मरून जात होतं, पुन्हा धक्का. काय हा हट्ट. कोणी बोलावलं नाही, आई उकिरड्यावर, बाहेर थंडी आणि एक अर्धी दाढी केलेला माणूस. तरी यायचंच. कलत्या उन्हात कवच दोन भाग होऊन पडलं आणि बाहेर आलं ते पिल्लू नव्हतंच, चघळून टाकलेला विडा होता. मान टाकलेली. हलेना. आणि मग वामनच्या हातांनी त्याला न विचारता एक गोष्ट केली. त्यांनी पितळी पातेलं पिलावर पालथं घातलं आणि दाढीच्या ब्रशाच्या दांड्यानं वरून वाजवायला सुरुवात केली. टण टण टण टण. त्याची आई करायची. निपचित पिल्लू पाटीखाली घालून वरून काठीनं वाजवायची, आणि तो शेजारी बसून आईची लाज वाटून घ्यायचा, कारण नांदेडच्या बोर्डिंगातला मित्र आलेला असायचा. अडाणी. आवाजानं कुठं जीव येतो? टण टण. पोशव्वा भिंतीवरून बघते आहे. बघू दे. टण टण टण. पातेल्याच्या आतून कोणीतरी रागानं चिंव केलं.

उभं मात्र राहीना. पाय दोन बाजूंना फाकून, भाकरी थापल्यासारखं भुईवर पडायचं. पोशव्वा पुन्हा बोलली, लांबलचक काहीतरी, आणि त्यात पुन्हा दोरा. "दोरा, … दोरा, …" पायांकडं बोट. दोरा! वामननं कपाळावर हात मारला. दोरा बांधायचा, पाय जवळ आणायचे. घरात सुई-दोरा मनकर्णेनं कुठं ठेवलेला ती जाणे. त्यानं कचेरीचा बस्ता सोडला आणि दफ्तराच्या लाल फितीची एक चिंधी फाडून पिलाच्या दोन्ही पायांना सैलसर बांधली, मध्ये बोटभर अंतर ठेवून. पिल्लू लटपटलं, पडलं, उठलं. उभं राहिलं. सरकारी फितीत. पोशव्वा तोंडाला पदर लावून हसत होती. तिला काय हसायला झालं? तिचाच सल्ला. वामननंही तिच्याकडं पाहून मान हलवली, मालकानं गड्याला हलवावी तशी.

सोमवारी ते त्यानं कचेरीत नेलं. घरी ठेवून करणार काय, कोंबडी जवळ घेईना, दोनदा चोच मारली. डब्याच्या वरच्या खणात रुई, रुईत पिल्लू, झाकण किलकिलं. बाजारात कापसाच्या गाड्या लागलेल्या, रस्त्यावर तंतू उडत होते, सगळ्यांच्या मिशा पांढऱ्या. आपण हे का करतो आहोत याचं उत्तर त्यानं तयार ठेवलं होतं: बायकोची कटकट नको. कोणी विचारलं नाही. कचेरीत शेजारच्या टेबलावर अमृतराव टीपकागदावर जिलब्या काढत बसला होता. हा राहणार होता. आनंदानं राहणार होता. पन्नाशीचा बाप्या जीभ बाहेर काढून पोरासारखं तेलुगू क काढतो आणि वर विचारतो, "पाहा बरं वामनराव, जमला का?" वामन म्हणाला, "पाक कमी पडला." अमृतराव हसला. अशा माणसांचा वामनला विशेष तिरस्कार होता. अपमान केला तर हसतात, आणि मग अपमान करणाऱ्याच्या हातात रिकामी वाटी राहते.

पेशकारसाहेब आले. शेरवानी जुनी झालेली, पण गुंड्या सगळ्या लावलेल्या. "हाँ तो वामनराव. ठैरते क्या जाते?"

वामन उभा राहिला. शब्द तोंडात तयार होता. कालपासून, महिन्यापासून तयार होता. जातो.

चिंव.

"ये कौन बोला?"

"सायेब," अमृतराव म्हणाला, "वामनरावाच्या डब्यातली भाजी बोलली."

"तो भाजी से पूछो," पेशकारसाहेब म्हणाले, "ठैरती क्या जाती." सगळी कचेरी हसली. पट्टेवाला हसला. वामनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "सोच के बोलो जी," साहेब जरा मऊ होऊन म्हणाले, "मैं तो खुद सोच रहा हूँ," आणि आत गेले. अमृतराव डब्यात डोकावला. "अरे वा, फीत बांधली का! फाइल दाखल करून घेतली म्हना ना." वामननं झाकण लावलं. मग पुन्हा किलकिलं केलं. श्वास.

दुपारच्या सुटीत तो घरी आला. मनकर्णा सांजेच्या गाडीनं येणार होती. अंगणात ऊन होतं, त्यानं पिल्लू उन्हात ठेवलं, ज्वारीची भिजवलेली कणी बोटानं पुढं टाकली. ते चोच आपटायचं, हुकायचं, पुन्हा आपटायचं. एकदा लागली. एवढ्याशा गळ्यातून कणी खाली जाताना दिसली. वामन उकिडवा बसला होता, धोतर मातीत, आणि अंगावर सुकलेली पिसं फुगून तो चघळलेला विडा एकाएकी पिवळा, गोल, नीटनेटका झालेला पाहत होता. मग तो थोडा मागं सरकला. सहज. आणि ते आलं. फितीत पाय अडखळत, पडत, उठत, तो जिकडं सरकला तिकडं आलं. तो आणखी मागं सरकला. पुन्हा आलं. मूर्ख. तुझी आई ती, उकिरड्यावर. मी नव्हे. पुन्हा मागं. जरा जास्त. पुन्हा आलं, आणि त्याच्या छातीत काहीतरी फाकलेलं जवळ आल्यासारखं झालं, आणि याची त्याला इतकी शरम वाटली की त्यानं इकडं तिकडं पाहिलं, कोणी बघत तर नाही ना. बघत होती. पोशव्वा. भिंतीवर सुपात डाळ वाळत घालत होती, आणि एकदम ताठ झाली.

"पिल्ली! दोरा, पिल्ली! पिल्ली!"

वामनला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. बाईला कौतुक आहे. वाढलं म्हणते, चाललं म्हणते. पण उच्चार, उच्चार काय तो! त्यानं मान वर केली आणि मौलवींच्या आवाजात, वर्गाला सांगावं तसं, सावकाश सांगितलं, "पिल्ली नाही बाई. पिल्लू. म्हणा, पिल्. लू."

"पिल्ली! पिल्ली!" ती आता किंचाळत होती, बोट दाखवत होती. तो तिच्या बोटाकडं पाहत नव्हता. तो तिच्या तोंडाकडं पाहत होता, ओठ कसे चुकीचे होतात ते.

"लू," तो म्हणाला. "ओठ असे पुढं काढा. लू."

डाळीचं सूप त्याच्या डोक्यावरून गेलं आणि अंगणात आपटलं. तूरडाळ सगळीकडं. तो चिडून मागं वळला तेव्हा बोका भिंतीवर चढत होता, करडा, कान फाटलेला, आणि त्याच्या जबड्यातून लाल फितीचं टोक लोंबत होतं. आवाज आला नाही. चिंवही नाही. कोंबडीनं एकदा मान वर केली आणि मग ती डाळ टिपायला लागली.

एस्टी नेरडीगोंड्याला बंद पडून उशिरा आली. दिवेलागणीला मनकर्णा दारात उभी राहिली, हातात गाठोडं, पायावर धूळ, आणि पहिलं काय म्हणाली तर, "टोपलं पडवीत काऊन?"

त्यानं सांगितलं. सगळं नाही सांगायचं असं ठरवून सगळं सांगितलं. अंडी कशी गार झाली, एक कसं राहिलं, पातेलं कसं वाजवलं. ती गाठोडं न ठेवता ऐकत होती. त्याला स्वतःची कर्तबगारी सांगावीशी वाटायला लागली. "ती पोशव्वा आग आग म्हणाली, मी निखारे आणले. दोरा दोरा म्हणाली, मी पाय बांधले. आता ही भाषा काही—"

मनकर्णेला हसू फुटलं. बापाची कंबर मोडलेली बघून आलेली बाई, दारात उभी राहून डोळ्यांतून पाणी येईतो हसली. "अवो, आगू म्हंजे थांबा! कवच सोलू नका म्हने थे. अन दोरा म्हंजे मालक. तुमाले मालक म्हने, अन तुमी फीत बांधली?" तिनं पदरानं डोळे पुसले. "लय भारी. अन तरी जगलं! कुठाय? दाखवा ना."

तिनं टोपल्यात पाहिलं. मग अंगणात पाहिलं, भेगांत अडकलेली डाळ पाहिली.

"बोक्यानं नेलं," तो म्हणाला. "दुपारी."

"तुमी कुठं होते?"

"इथंच."

"अन पोशव्वा?"

"भिंतीवर."

"वरडली नाई?" तिच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून होतं, आत कोणी नसलेल्या घरासारखं. "थे तं वरडल्याबिगर राहनार नाई. काय म्हने?"

त्याला तो शब्द उच्चारायचा नव्हता. उच्चारण्याआधीच त्याला तो समजला होता, दुपारीच, सूप पडलं तेव्हाच. "पिल्ली," तो म्हणाला. नीट म्हणाला. पोशव्वासारखा.

"मांजर," मनकर्णा म्हणाली. "पिल्ली म्हंजे मांजर." आणि अगदी साध्या आवाजात, पाणी तापलं का विचारावं तसं, "तुमी काय म्हनलं तिले?"

तो अंगणात जाऊन डाळ वेचायला लागला. ती टोपलं उचलून आत गेली आणि चुलीजवळ, जिथं होतं तिथं ठेवलं. रिकामं.

सकाळी तो कचेरीला निघाला तेव्हा पोशव्वा भिंतीशी होती. चुट्टा पेटवलेला नव्हता, नुसता बोटांत. तिनं त्याच्याकडं पाहिलं, सरळ, पहिल्यांदाच, आणि एकच शब्द म्हणाली. "पापम्."

तो उंबऱ्यात थांबला. "पाप म्हणाली का गं ती?" त्यानं मनकर्णेला विचारलं. मनकर्णा सडा टाकत होती. "तुमाले आयकू आलं तेच म्हनली," ती म्हणाली आणि पाणी त्याच्या पायाशी येईपर्यंत टाकत गेली.

पाप. रस्ताभर पाप. ज्या बाईला लू म्हणता येत नाही तिनं आपल्याला पाप शिकवावं. कापसाच्या गाड्या, बैलांच्या शेणाचा वास, स्टेशनाकडून इंजिनाची शिटी, पाप. पण आता ऐकू आलेल्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास राहिला नव्हता, हीच तर गंमत होती. शब्द डब्यातल्या पिलासारखा तोंडात घेऊन तो चालत होता, दात न लावता, कचेरीत गेल्यावर कोणाला तरी दाखवायला. आणि ‘कोणाला तरी’ म्हणजे त्या जिलबीवाल्यालाच दाखवावा लागणार होता.

अमृतराव टीपकागद उन्हाला धरून वाळवत होता. "पापम् म्हणजे काय?" वामननं खाली मान घालून, बस्ता सोडत विचारलं. बस्त्याची फीत एका बाजूनं फाटलेली होती.

"पापम्? कीव आली का म्हनतात," अमृतराव म्हणाला. "बिचारा. बिचारं. कोन म्हने?"

वामनचा हात फितीवर थांबला. बिचारं पिल्लू. ठीक. की बिचारा— तिनं पाहिलं होतं त्याच्याकडं. सरळ. पेशकारसाहेबांच्या चपला दारात वाजल्या. "कोणाला म्हणाली असेल?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मले काय माहीत? तिलेच इचारा."

साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. गुंड्या सगळ्या लावलेल्या. "हाँ तो वामनराव? ठैरते क्या जाते?" वामननं मान वर केली नाही. तो अमृतरावाकडंच पाहत होता.

"‘कोणाला’ला काय म्हणतात?"

"एवर्नी," अमृतराव म्हणाला.

एवर्नी. वामननं तो शब्द तोंडात फिरवून पाहिला, मागून पाहिला, पुढून पाहिला. मराठीतलं काहीच त्यातून ऐकू येत नव्हतं.